शेपूट उचलणाऱ्या भुंगेऱ्याला नाव कसे मिळते

पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, रावेर-यावलच्या बाजूला एखाद्या सकाळी कोणीतरी मानेवर लाल, चुरचुरणारा पट्टा घेऊन उठते. पुढे त्या पट्ट्यावर बारीक फोड येतात, त्यांत पाणी भरते, आणि घरातली वडीलधारी माणसे पाहताक्षणी सांगतात की ही नागीण आहे. मग गेरू उगाळला जातो. कोणी म्हणते, रात्री अंगावरून कोळी गेला असेल. पुष्कळदा ती नागीण नसते आणि कोळ्याचाही त्यात काही दोष नसतो. एक-दोन रात्रींपूर्वी दिव्याकडे आलेला, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, केशरी-काळा किडा मानेवर उतरलेला असतो. झोपेत हात फिरतो, किडा चिरडतो आणि त्याच्या शरीरातला द्रव कातडीला लागतो. हा किडा चावत नाही आणि डंखही मारत नाही. तो चिरडला गेला तरच त्रास होतो, आणि तो त्रास साधारण २४ ते ४८ तासांनी दिसू लागत असल्यामुळे किडा आणि फोड यांचा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या किड्याच्या प्रजातीचे नाव पेडेरस. तो स्टॅफिलिनिडी या कुळातला, म्हणजे इंग्रजीत ज्यांना रोव्ह बीटल म्हणतात त्यांपैकी एक भुंगेरा आहे. त्याच्या अंगातले पेडेरिन नावाचे विष १९५३ साली शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. ते विष भुंगेरा स्वतः बनवत नसून त्याच्या शरीरात राहणारा, स्यूडोमोनासच्या जवळचा एक जिवाणू बनवतो, असे २००२ साली दाखवून देण्यात आले. हे विष मुख्यतः मादीकडे असते. ती ते आपल्या अंड्यांत उतरवते आणि त्यामुळे अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना जमिनीवर धावून शिकार करणारे कोळी खात नाहीत. पेशीमध्ये प्रथिने तयार होण्याची क्रिया पेडेरिन रोखते, म्हणून त्याचा थेंबाचा अंशही कातडीला पुरतो. असा किडा अंगावर दिसला तर त्याला फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावे, आणि चिरडला गेलाच तर ती जागा ताबडतोब साबण-पाण्याने धुवावी. तोच हात डोळ्याला मात्र लावू नये. फोड आलेच तर डॉक्टरांना दाखवावे. घरच्यांना ते एकमेकांपासून लागत नाहीत.

हाच पेडेरस दिवसा कपाशीत आणि भातात मावा, तुडतुडे आणि बोंडअळीची अंडी खात फिरतो, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत तो मित्रकीटक आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र त्याला ‘ॲसिड माशी’ म्हणतात. तो माशी नाही आणि त्याच्या अंगात ॲसिडही नाही. त्या नावाचा खरा तोटा पुढे होतो. शेपूट वर करून पळणारा कोणताही किडा दिसला की लोक त्याला तीच ‘ॲसिड माशी’ समजून मारतात. वास्तविक स्टॅफिलिनिडी कुळात आजवर ६०,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या कुळांत त्याची गणना होते, आणि पेडेरिन त्यांतल्या फक्त पेडेरस व त्याच्या अगदी जवळच्या नातलगांकडे आढळते. बाकीचे उकिरड्यात माशांच्या अळ्या खातात, कुजक्या पानांखाली सूक्ष्म किडे वेचतात, काही बुरशीवर जगतात आणि काही मुंग्यांच्या वारुळात बिऱ्हाड करून राहतात. म्हणून आपल्यासमोर आलेला भुंगेरा नेमका कोण आहे हे ओळखता येणे केवळ संग्रहालयातल्या माणसांच्या कामाचे नाही. माझ्या मते, ते कपाशी आणि केळी लावणाऱ्या प्रत्येक गावात निदान पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत तरी लोकांना यायला हवे.

पायऱ्या म्हणण्याचे कारण असे की कोणत्याही कीटकाचे नाव एकदम मिळत नाही. आधी तो कोणत्या गणातला हे ठरते, मग कुळ, मग उपकुळ, मग प्रजाती आणि सर्वांत शेवटी जाती. प्रत्येक पायरीवर दुसऱ्याला बोट ठेवून दाखवता येईल असे एखादे लक्षण असावे लागते, आणि ज्या पायरीवर लक्षण संपते त्या पायरीवर थांबावे लागते. येथे शब्दांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. मराठी प्राणिशास्त्रात वाघ-सिंह ज्या मोठ्या गटात एकत्र येतात त्याला प्रजाती म्हणतात, आणि एकट्या वाघाला जाती म्हणतात. हिंदीच्या प्रभावाने वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येऊ लागला आहे. नावे ठरवण्याच्या कामात ही गल्लत महाग पडते, कारण ‘पेडेरस’ ही प्रजाती आहे आणि ‘पेडेरस फस्किपिस’ ही तिच्यातली एक जाती. पहिले नाव ओळखायला हातभिंग पुरते, तर दुसऱ्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

आता पहिली पायरी, गण आणि कुळ यांची. भुंगेऱ्यांच्या गणाचे मुख्य लक्षण म्हणजे पुढचे दोन पंख कडक होऊन त्यांची झाकणे झालेली असतात. उडण्याचे काम मागचे पातळ पंख करतात. शेणकिड्याच्या किंवा सोनकिड्याच्या पाठीवर ही झाकणे शेवटपर्यंत पोचतात आणि मध्यभागी सरळ रेषेत मिळतात. स्टॅफिलिनिडी कुळातल्या बहुतेक भुंगेऱ्यांमध्ये ती आखूड असतात, बंडीसारखी. त्यामुळे पोटाचे पाच-सहा खंड उघडे राहतात. उघडे पोट लवचीक असते, ते विंचवाप्रमाणे वर वळते, आणि अशा अंगाने मातीच्या भेगेत, शेणाच्या पापुद्र्याखाली किंवा केळीच्या कुजलेल्या खोडाच्या थरांत सहज शिरता येते. या आखूड झाकणांखाली पूर्ण लांबीचे पंख मावतात कसे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. जपानमधील संशोधकांनी २०१४ साली वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दाखवले की डावा आणि उजवा पंख वेगवेगळ्या घडीने मिटतात, आणि ती घडी घालायला भुंगेरा आपल्या पोटाची मदत घेतो. दिव्याखाली उतरलेला असा किडा शेपूट हलवताना दिसला तर तो पुष्कळदा धमकावत नसून पंख आवरत असतो.

याच पायरीवर दोन ठिकाणी हमखास फसगत होते. इअरविग नावाचा कीटक, ज्याच्या शेपटीच्या टोकाला चिमटा असतो, तोही लांबट, आखूड झाकणांचा आणि दगडाखाली राहणारा आहे. चिमटा दिसला की तो भुंगेरा नाही, हे पक्के समजावे. रोव्ह बीटलच्या काही प्रकारांत पोटाच्या टोकाला केसाळ असे दोन लहान अवयव असतात, पण त्यांचा चिमटा होत नाही. दुसरी फसगत नवापूरकडच्या भातखाचरांसारख्या जागी संभवते. भाताच्या चुडांत ऑफिओनिया नावाचा जमीन-भुंगेऱ्यांच्या कुळातला एक सडपातळ किडा असतो. तांबूस अंगावर निळसर-काळे पट्टे असल्यामुळे तो लांबून पेडेरससारखाच दिसतो आणि तोही मित्रकीटकच आहे. पण त्याची झाकणे लांब असून पोट झाकतात. म्हणजे रंगावर गेलो तर दोन वेगळ्या कुळांतले किडे एक वाटतात, आणि झाकणांच्या लांबीकडे पाहिले तर क्षणात वेगळे होतात. नवीन शिकणाऱ्याला मी नेहमी हेच सांगत आलो आहे की रंग सर्वांत शेवटी पाहावा. कोषातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकट असतो, दारूत ठेवलेल्याचा रंग कधी कधी उतरतो, आणि एकाच जातीतही रंग कमी-जास्त असतो.

आखूड झाकणे हे लक्षणही पूर्ण विश्वासाचे नाही, आणि येथे वर्गीकरणाचा खरा विचार सुरू होतो. याच कुळात स्कॅफिडिनी नावाचे उपकुळ आहे. त्यातले भुंगेरे नावेच्या आकाराचे, चकचकीत असतात आणि त्यांची झाकणे जवळजवळ संपूर्ण पोट झाकतात. स्किडमीनिनी उपकुळातले चिमुकले, मुंगीसारख्या आकाराचे भुंगेरेही झाकलेल्या पोटाचे असतात. त्यांना पूर्वी स्वतंत्र कुळ मानले जात असे. अळ्यांची आणि प्रौढांची लक्षणे एकत्र तपासल्यानंतर २००९ साली त्यांना स्टॅफिलिनिडीत आणण्यात आले. सेलाफिनी उपकुळाचेही तसेच झाले. त्यांना १९९५ साली याच कुळाचा भाग ठरवण्यात आले. हे फेरफार पाहून काहींना वाटते की शास्त्रज्ञांचेच नक्की नाही. माझे मत नेमके उलटे आहे. जुन्या काळी दिसण्यातले साम्य पाहून कप्पे केले गेले, आणि आता प्रश्न असा विचारला जातो की कोणाचा पूर्वज कोणाशी समान आहे. घरातला एक मुलगा उंच निघाला म्हणून त्याचे आडनाव बदलत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या शाखेची झाकणे लांब राहिली म्हणून ती शाखा कुळाबाहेर जात नाही. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक यांत एकाच किड्याला वेगळे कुळ लावलेले दिसले, तर आधी दोन्ही पुस्तकांची वर्षे पाहावीत.

दुसरी पायरी उपकुळाची, आणि मला ती सर्वांत रोचक वाटते, कारण दहा पटींचे हातभिंग आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर ती पुष्कळ अंशी चढता येते. या कुळात ३० हून अधिक उपकुळे आहेत. ती सगळी पाठ करण्याचे कारण नाही. तीन गोष्टी पाहण्याची सवय लागली म्हणजे झाले. पहिली गोष्ट, मिशा डोक्याला कोठे जोडलेल्या आहेत. ॲलिओकॅरिनी या सर्वांत मोठ्या उपकुळात मिशांची मुळे डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात असतात. स्टॅफिलिनिनी उपकुळात ती डोक्याच्या पुढच्या कडेवर, जबड्यांच्या अगदी मागे दिसतात. पेडेरिनी उपकुळात, म्हणजे पेडेरसच्या घरात, मिशांचे मूळ डोळ्यांच्या पुढे, बाजूच्या एका उंचवट्याखाली दडलेले असते आणि वरून पाहताना ते दिसत नाही. स्टेनिनी उपकुळात मिशा पुन्हा डोळ्यांच्या मध्ये येतात, परंतु तेथे डोळेच इतके मोठे असतात की डोक्याची बाजू म्हणजे निव्वळ डोळा असे वाटते. तो ओळखायला दुसरे काही लागत नाही.

या स्टेनिनीतल्या स्टेनस प्रजातीबद्दल थोडे अधिक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नदीकाठच्या ओल्या मातीवर आढळणारा हा काळा, पाच-सहा मिलिमीटरचा भुंगेरा आपला खालचा ओठ एखाद्या दांडीप्रमाणे झटकन पुढे फेकतो, टोकाच्या चिकट भागाने उड्या मारणारे सूक्ष्म किडे पकडतो आणि ओठ परत आत घेतो. पाण्यात पडला तर शेपटीच्या टोकाकडून असा द्रव सोडतो की मागच्या पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि तो पाण्यावरून पुढे ढकलला जाऊन काठाला लागतो. एवढे मोठे डोळे त्याला या अचूक नेमबाजीसाठी लागतात. म्हणजे ज्या लक्षणावरून आपण उपकुळ ओळखतो, ते लक्षण त्याच्या जगण्याच्या रीतीतून आलेले आहे. असे नाते एकदा लक्षात आले की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पावलांचे सांधे. भुंगेऱ्याचे पाऊल लहान लहान खंडांचे बनलेले असते आणि पुढच्या, मधल्या व मागच्या पायांतील खंडांची संख्या क्रमाने लिहितात. ५-५-५ हे सर्वसाधारण सूत्र. ॲलिओकॅरिनीत ४-४-५ किंवा ४-५-५ असेही आढळते. ऑक्सिटेलिनी उपकुळातल्या बऱ्याच प्रजातींत ३-३-३. पेडेरसचे सूत्र ५-५-५ आहे, आणि त्याच्या पावलाचा चौथा खंड दोन पाळ्यांत विभागलेला असतो. तिसरी गोष्ट पोटाखालची. किडा उताणा करून पोटाच्या पट्ट्या मोजल्या तर या कुळातल्या बहुतेकांत त्या सहा दिसतात, पण ऑक्सिटेलिनीत सात, कारण इतरांत झिजून गेलेली पुढची एक पट्टी त्यांच्यात पूर्ण टिकून आहे. खंड मोजताना घाई केली की चूक होते. टोकाचा नखे असलेला खंड आणि मुळाजवळचा अगदी आखूड खंड हे दोन्ही नजरेतून सुटतात. म्हणून निदान दोन पाय मोजावेत आणि संख्या जुळली नाही तर तिसरा पाहावा.

हे किडे मिळतात कोठे, हे सांगायला खानदेशापेक्षा चांगली जागा शोधावी लागणार नाही. तापीच्या काठची केळी काढून झाल्यावर बांधावर पडलेली खोडे महिनाभरात कुजू लागतात आणि त्यांच्या थरांत शिकारी भुंगेऱ्यांची वस्ती होते. खळ्याजवळचा उकिरडा, गोठ्यामागचे दोन-तीन दिवसांचे शेण, पांझरा-गिरणेच्या पात्रातली ओलसर वाळू, तोरणमाळच्या उतारावरची सडकी पाने, या प्रत्येक जागेचे रहिवासी वेगळे असतात. शेण बादलीभर पाण्यात कालवले की आतले भुंगेरे तरंगून वर येतात. पालापाचोळा चाळून नरसाळ्यात ठेवावा, वर दिवा लावावा आणि खाली दारूची बाटली ठेवावी. वरून कोरडे व गरम होऊ लागले की किडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. जमिनीशी समपातळीत पुरलेला प्लास्टिकचा पेला रात्रीत धावणाऱ्यांना पकडतो. मृगाच्या पावसानंतर पांढऱ्या धोतरावर सोडलेला उजेड उडणाऱ्यांना बोलावतो, आणि तेव्हा पेडेरसही येतो. म्हणून त्या रात्री पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि किडे बोटांनी न उचलता ओल्या कुंचल्याने उचलावेत. यावलसारख्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून एकही किडा गोळा करता येत नाही. शेताच्या बांधावर मालकाचा होकार पुरतो, आणि शिकण्यासाठी बांध पुष्कळ आहे.

गोळा केलेला नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. बाटलीत गाव, तालुका, जिल्हा, तारीख, जागेचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाकतात. ती चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात मी सर्व चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. दारूत शाई विरघळली आणि दिवाळीपर्यंत सगळे कागद कोरे झाले. किडे शाबूत होते, पण कोणता केळीच्या खोडातला आणि कोणता नदीकाठचा हे कळण्याचा मार्ग उरला नाही, आणि ठिकाण माहीत नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याचे मला अजून वाईट वाटते.

उपकुळानंतर प्रजाती ठरवायला किल्ली वापरतात. किल्ली म्हणजे जोडीजोडीने मांडलेल्या विधानांची मालिका. पहिल्या जोडीत, समजा, ‘पावलाचा चौथा खंड दोन पाळ्यांचा’ आणि ‘चौथा खंड साधा’ अशी दोन विधाने असतात. आपल्या किड्याला जे लागू पडते त्यासमोरचा क्रमांक पाहून पुढच्या जोडीकडे जायचे, आणि असे करत नावापर्यंत पोचायचे. भारतीय उपखंडातल्या या कुळासाठी मॅल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश अभ्यासकाने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत १९३० ते १९३९ या काळात अनेक खंड लिहिले, आणि आजही भारतात हे काम करणाऱ्याला त्या किल्ल्या उघडाव्याच लागतात. त्या वापरताना दोन अडचणी येतात. पहिली अशी की तेव्हाच्या नावांपैकी कित्येक आज बदललेली आहेत. उदाहरणार्थ, तेव्हा ऑक्सिटेलस या प्रजातीचा उपविभाग समजला जाणारा ॲनोटायलस आज स्वतंत्र प्रजाती मानला जातो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. किल्लीत फक्त तिच्या लेखकाला माहीत असलेल्या जाती असतात, आणि किल्ली कधीही ‘हा किडा माझ्यात नाही’ असे सांगत नाही. वर्णन न झालेली जाती तिच्यात घातली तरी ती शेवटी कोणते तरी नाव हातात ठेवतेच. म्हणून नाव मिळाल्यावर त्या जातीचे पूर्ण वर्णन काढून आपल्या नमुन्याशी ओळ न् ओळ पडताळणे हा कामाचाच भाग आहे, आणि सर्वाधिक चुका तो गाळल्यामुळे होतात.

शेवटची पायरी जातीची, आणि ती बाहेरून पाहून बहुधा चढता येत नाही. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जातींच्या नरांचे प्रजनन-अवयव पाहिले तर त्यांच्या आकारात, टोकाच्या वळणात आणि आतल्या काट्यांच्या मांडणीत स्पष्ट फरक आढळतो. हा अवयव जातीजातींत फार वेगाने बदलत गेलेला आहे, म्हणून या कुळात त्याचा निर्णय सर्वांत वजनदार मानतात. त्यासाठी पोटाचे टोक अलगद सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात ठेवतात. त्यात मांस विरघळते आणि कडक भाग शिल्लक राहतात. मग ते ग्लिसरीनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहतात, त्यांचे चित्र काढतात, आणि तो भाग किड्याच्याच टाचणीवर लहान पुठ्ठ्याला लावून ठेवतात, म्हणजे दोघांची ताटातूट होत नाही. नर कोणता हे पुष्कळदा बाहेरूनही समजते. पेडेरसच्या नरात पोटाखालच्या शेवटच्या पट्टीला खोल खाच असते. ॲलिओकॅरिनीत मादीची शुक्रजंतू साठवणारी सूक्ष्म पिशवीही तितकीच उपयोगी पडते. हातात एकटीच मादी असेल आणि तिच्या प्रजातीत मादीवरून भेद करता येत नसेल, तर जातीचे नाव लिहू नये.

एवढे करूनही अंतिम दाखला पुस्तकातला नसतो. कोणत्याही जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते आणि तो नमुना संग्रहालयात जपून ठेवलेला असतो. शंका आली की त्याच्याशीच ताडून पाहावे लागते. कॅमेरॉनने नावे दिलेल्या भारतीय जातींचे असे पुष्कळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, आणि ताडून पाहायला तेथवर पोचावे लागते, ही अडचण खानदेशातल्या अभ्यासकाला प्रत्यक्ष भोगावी लागते. संग्रहालयातही सगळ्यांना नावे मिळालेली असतात असे नाही. चार्ल्स डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे पकडलेला एक रोव्ह बीटल त्याच संग्रहालयात निनावी पडून होता. अभ्यासासाठी मागवलेल्या इतर नमुन्यांत तो अभ्यासकाच्या हाती आला आणि २०१४ साली त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव मिळाले. मध्ये १८२ वर्षे गेली. केळीच्या बुंध्यातल्या चिमुकल्या ॲलिओकॅरिनीला अजून नाव नसेल तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

अलीकडे दोन सोप्या वाटणाऱ्या वाटा निघाल्या आहेत. पहिली डीएनएची. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधील सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो साठवलेल्या तुकड्यांशी जुळवतात. ही पद्धत २००३ पासून रूढ झाली. तिच्यामुळे अळी आणि प्रौढ, नर आणि मादी यांची जोडी लावता येते, जे बाहेरून पाहून कित्येकदा अशक्य असते. परंतु जुळवायला आधी कोणीतरी अवयव तपासून, खात्रीने नाव दिलेल्या किड्याचा तुकडा साठवलेला असावा लागतो. तो नसेल तर यंत्र फक्त एवढेच सांगते की हा किडा वेगळा आहे. दुसरी वाट मोबाइलच्या छायाचित्राची. स्पष्ट छायाचित्रावरून कुळ कळते, अनेकदा उपकुळही कळते, पेडेरससारखी ठळक प्रजातीही ओळखता येते. केशरी छाती, काळे डोके, निळसर चकाकीची आखूड झाकणे, केशरी पोट आणि त्याचे काळे टोक, हे सगळे एकत्र दिसले की घरातल्या माणसाला सावध होण्याइतकी ओळख पटली असे समजावे. पण ॲपने त्यापुढे जाऊन जातीचे नाव सांगितले तर ते मानू नये, कारण ज्या अवयवावर जाती ठरते तो छायाचित्रात नसतोच.

गेल्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर, गाईच्या शेणात मिळालेल्या किड्याचे उदाहरण देतो. लांबी नऊ मिलिमीटर, रंग काळा, झाकणे आखूड, शेपटीला चिमटा नाही. म्हणून कुळ स्टॅफिलिनिडी. मिशा डोक्याच्या पुढच्या कडेवर, पावलांचे सूत्र ५-५-५, पोटाखाली सहा पट्ट्या. म्हणून उपकुळ स्टॅफिलिनिनी. छातीची ढाल गुळगुळीत आणि तिच्या मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना बारीक खळग्यांची एकेक ओळ. किल्लीने आणि नंतर वर्णनाने प्रजाती फिलॉन्थस ठरली. फिलॉन्थसच्या जगभरात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे गट पाडताना त्या ओळीतले खळगे मोजतात. येथे ते प्रत्येक बाजूला चार भरले. नमुना एकच होता, आणि पोटाचे टोक सोडवल्यावर ती मादी निघाली. चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘फिलॉन्थस, जाती अनिश्चित, मादी, छातीच्या ओळीत ४ खळगे, गाईचे शेण, चोपडा, जि. जळगाव’, आणि खाली पेन्सिलीने, ‘त्याच बांधावर नर शोधणे.’